दोरी धरणारा महांतेश

पुण्याच्या कंपनीत तुमचा महांतेश नेमकं करतो काय, असं कुणी विचारलं की सिद्धम्मा सरळ सांगायची, "दोरी धरतो." विचारणाऱ्याला वाटायचं, म्हातारी थट्टा करतीय. पोरगा शिकूनसवरून इंजिनिअर झाला, लोहाऱ्याच्या स्टँडवर उतरला तर चार माणसं 'साहेब' म्हणतात, आणि म्हणे दोरी धरतो! पण म्हातारीचं काही चुकत नव्हतं. ती एकदाच पुण्याला गेली होती आणि तेव्हा तिनं लेकाला दुसरं काही करताना पाहिलंच नव्हतं.

महांतेशची कंपनी माणसासारखं दोन पायांवर चालणारं यंत्र बनवते. जत्रेत नाचवायचं किंवा हॉटेलात पाणी वाटायचं नव्हे. दरड कोसळली, इमारत बसली, पूर ओसरून चिखल-दगड राहिले, अशा ठिकाणी आत अडकलेल्या माणसापर्यंत जाणारं, त्याला पाण्याची नळी पोचवणारं, त्याचा आवाज बाहेर आणणारं यंत्र. हडकुळ्या माणसाइतकं त्याचं वजन. टीममधल्या पोरांनी त्याला 'गडी' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं. आता चालायला शिकणारा पडणारच. पण हा पडला की याचा गुडघा मोडतो आणि पुढं महिनाभर सगळ्यांनी हात चोळत बसायचं. म्हणून गड्याच्या पाठीला कडी, कडीला दोरी आणि दोरीच्या टोकाला महांतेश.

दोरीचा नियम एकच. गडी चालतोय तोवर ढील द्यायची. तो खरोखर पडायला लागला तरच ओढायची. ऐकायला सोपं आहे हो! धरून बघा म्हणजे कळेल. वर्षानुवर्षं खपून केलेली वस्तू डोळ्यांदेखत डगमगतेय आणि आपण हात सैल ठेवायचा, याला काळीज लागतं. गडी डगमगतो, सावरतो, आणि ते सावरणं हेच त्याचं शिक्षण. आधीच ओढलं तर तो शिकणार काय, कपाळ! नवी पोरं घाबरून ओढून टाकायची. महांतेश नाही ओढायचा. गड्याची पावलं त्यानंच आखली होती. कुठल्या दगडावर भार टाकायचा, कुठला चाचपून सोडून द्यायचा, हे गड्याला शिकवण्यात त्याची ऐन उमेदीची वर्षं गेली होती. "माणसासारखं कशाला चालवता? चाकं लावा की," असं म्हणणारे शहाणे दर बैठकीत असत. महांतेश त्यांना म्हणे, "साहेब, पडकं घर माणसाचं असतं. जिना माणसाच्या पायाचा, दार माणसाच्या अंगाचं. चाक उंबऱ्यावर अडतं."

हे तो सांगायचा. पण त्याचं स्वतःचं कारण वेगळं होतं आणि ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

महांतेश लोहारा तालुक्यातल्या वडगुत्तीचा. हल्लीचं वडगुत्ती म्हणजे पुनर्वसनातलं, सरळ रस्ते आणि एकसारख्या घरांच्या ओळी. जुनं गाव तिथून हाकेच्या अंतरावर, बाभळी आणि घाणेरीत बुडालेलं. त्र्याण्णवच्या भूकंपात ते पडलं तेव्हा महांतेश नुकता शाळेत जाऊ लागला होता. त्याची थोरली बहीण महेश्वरी, सगळे तिला मही म्हणत, त्याला कडेवर घेऊन शाळेत सोडायची. त्या रात्री आई, बाप आणि तो अंगणात झोपले होते. डास चावतात म्हणून कटकट करून मही तेवढी आत गेली.

घर माळवदाचं. खाली दगडी भिंती, वर लाकडं आणि लाकडांवर कंबरभर पांढरी माती. शेजारची दोन घरं आणि हे, असा तिन्हींचा मिळून एकच ढीग झाला. पण मही जिवंत होती. उजाडल्यावर ढिगातून आवाज आला, "आप्पा, म्या हाय हितं!" माणसं धावली, वर चढली, आणि चढणाऱ्याच्या पायाखालची माती सुर्र करून आत सरकली. आतून पोरीचा खोकला ऐकू आला. तेव्हा बाप, बंडप्पा, दोन्ही हात पसरून ढिगासमोर उभा राहिला आणि ओरडला, "कुणी वर चढू नका! माती आत जातीया!" त्यानं कुणालाही चढू दिलं नाही. बाजूनं, हातानं उकरा म्हणाला. लोकांनी नखं तुटेस्तोवर उकरलं. दिवस कलला तसा आतला आवाज बारीक होत गेला, आणि मग बंद झाला. दगड उचलायला आणलेली यारी गल्लीत शिरेना. पाऊस आला. शेवटी उरलेल्या माणसांना तंबूत नेलं आणि तो ढीग तसाच राहिला.

सिद्धम्मानं नवऱ्याला माफ केलं नाही. "चढू दिलं असतं तर माजी पोर निघाली असती," एवढं ती एकदाच बोलली, आणि त्यानंतर त्याच्याशी बोलणंच सोडलं. भाकरी वेळेवर, धुणं वेळेवर, दुखण्यात शेकणंसुद्धा वेळेवर; पण शब्द नाही. बोलायचं ते पोराच्या तोंडून. "महांता, त्येंना सांग, जेवण वाढलंय." "महांता, त्येंना सांग, बी-भरणाचं बघा म्हणावं." बाप समोर बसलेला असायचा आणि पोरगं मधे उभं राहून निरोप द्यायचं. शिकायला बाहेर पडला तेव्हा महांतेशला पहिली काळजी हीच पडली की आता ही दोघं बोलणार कशी. नाहीच बोलली. बंडप्पा गेल्या पावसाळ्याच्या आधी वारला. त्याचा फोटो सिद्धम्मानं भिंतीला लावला नाही, पेटीत घालून ठेवला.

आप्पांनी अडवलं ते बरोबर होतं की चूक? हा एक प्रश्न घेऊन महांतेश एवढा मोठा झाला. त्याचं उत्तर काही त्याला सापडलं नाही. म्हणून त्यानं दुसराच रस्ता धरला: माती न सरकवता त्या ढिगावर चढेल, असं काहीतरी आपण करू.

आणि करत आणलंही होतं. गडी बालाघाटाच्या उतारावर चालला. खडीकेंद्रावर चालला. कंपनीच्या आवारात पोरांनी रचलेल्या राडारोड्यावर तर तो डुलत डुलत चालायचा. पण आपत्ती निवारणाचे मोठे साहेब रचलेल्या ढिगावर थोडेच भुलणार! त्यांना खरं पडलेलं गाव पाहिजे होतं. त्यावर गडी चढला तर पुढच्या पावसाळ्यात दरडींवर जाणाऱ्या पथकाबरोबर त्याला पाठवणार, नाहीतर पायांचं काम गुंडाळून कंपनी चाकांकडं वळणार, असं उघड ठरलं होतं. "खरं पडलेलं गाव आणायचं कुठून?" टीमची प्रमुख करिश्मा वैतागून म्हणाली. महांतेशच्या तोंडून निघून गेलं, "माझ्याकडं आहे."

गाव आपलं आहे एवढंच त्यानं सांगितलं. करिश्मा येऊन बाभळीतून हिंडली आणि तिनं चाचणीसाठी नेमका तोच ढीग निवडला. निवडणारच की! बाकीच्या ढिगांचे दगड लोकांनी नव्या गोठ्यांना, बांधांना नेले होते. ह्या एका ढिगाला कुणी हात लावला नव्हता. वडगुत्तीत तसा रिवाजच पडला होता. जुन्या गावात जायचं तर पायतणं वेशीत काढायची आणि बंडप्पाच्या ढिगावर पाय ठेवायचा नाही, वळसा घालून जायचं. शेरडू चढलं तरी राखणारा दगड मारून उतरवायचा. पायथ्याच्या एका दगडाला सिद्धम्मा दर अमावस्येला विभूती लावायची, बेल वाहायची. तालमीच्या आधी महांतेशनं तो दगड पाहिला आणि दोरी गुंडाळत बसला.

साहेब यायच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली. अर्धं गाव बघायला लोटलं. गडी ढिगापाशी आला, थांबला, त्यानं उजवा पाय उचलून पहिल्या दगडावर टेकवला, दाबून बघितला. छान टेकवला होता. डगमग नाही, काही नाही. आणि महांतेशच्या हातांनी दोरी खेचली. त्यानं खेचली असं म्हणणंही खोटं ठरेल. हात आपसूक मागं आले, सगळ्या अंगाचा भार घालून. गडी उताणा पडला. त्याच्या कोपराचं झाकण फुटलं. जमलेल्या माणसांतून कुणी हसलं नाही, कुणी चुकचुकलंसुद्धा नाही. म्हातारी माणसं खाली मान घालून उभी राहिली. त्यांना सगळं समजलं होतं.

करिश्मानं सगळी आकडेमोड तपासली आणि लॅपटॉप बंद केला. "गडी पडत नव्हता, महांतेश. तुम्ही पाडलात."

"हो."

"का?"

"ते माझं घर आहे," तो म्हणाला. "बहीण आत आहे."

करिश्माला रागच आला, आणि तिचं बरोबर होतं. "आणि हे तुम्ही आज सांगताय? आपण दुसरा ढीग घेऊ."

"दुसरा खरा नाही. तुम्हीच म्हणालात ना."

"मग उद्या दोरी दुसऱ्या कुणाला द्या."

"नाही. मीच धरणार."

हट्टच म्हणायचा हा. दुसऱ्या कुणी धरली असती तर काय बिघडलं असतं? पण एवढी वर्षं ज्याच्यासाठी घातली, ते पाऊल पडताना आपण बाजूला उभं राहायचं, हे त्याच्या मनाला पटेना. करिश्मानं त्याच्याकडं बघितलं आणि मान डोलावली.

दिवेलागणीला तो घरी आला तेव्हा सिद्धम्मा चुलीपुढं बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

"ओढलीस म्हनं दोरी."

"घसरत व्हतं, अव्वा."

"माज्यासंगं खोटं बोलू नगं. समदं गाव बघत व्हतं." तिनं तवा खाली ठेवला. "तुजा बाप असाच आडवा हुबा ऱ्हायला. आन आता तू. माज्या पोरीकडं कुणाला जाऊच द्यायचं न्हाय, असा इडाच उचललाय का रं तुमी बाप-लेकांनी?"

महांतेशचा तोल सुटला. "आप्पांनी तिला वाचवायला अडवलं, अव्वा!"

"वाचली का?"

त्यानं तोंडात घास घातला आणि तो कितीतरी वेळ तोंडातच फिरत राहिला. सिद्धम्मानं त्याच्या ताटात न मागता आणखी अर्धी भाकरी टाकली. "उद्या म्या येणार हाय बघाया," ती म्हणाली. "मशीन चढलं, तर मानूस बी चढलं असतं. मंग बोल मला."

महांतेशनं हे असं कधी मांडलंच नव्हतं. गडी चढावा म्हणून तो जिवाचं रान करत होता, आणि गडी चढला तर आईच्या लेखी बाप कायमचा गुन्हेगार ठरणार होता. आणि नाही चढला तर? मग इतकी वर्षं त्यानं केलं ते काय?

सकाळी साहेब आले. पांढऱ्या गाड्या वेशीत थांबल्या. गावातल्या कुणीतरी पायतणं काढायला सांगितलं, तेव्हा साहेबांनी बूट काढावेत की नाही यावर थोडी कुजबुज झाली. शेवटी त्यांनी काढले आणि काट्याकुट्यांतून पाय आखडत ते सावलीला येऊन उभे राहिले. सिद्धम्मा इरकली लुगडं नेसून, कपाळभर विभूती लावून आली होती. ती बायकांत थांबली नाही. सरळ महांतेशच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिला बाजूला व्हा म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

गडी निघाला. कालच्याच दगडावर त्यानं पाय टेकवला, दाबला, दुसरा पाय उचलला. पुढचा दगड चाचपला, तो हलला, म्हणून पाय मागं घेतला आणि जरा डावीकडं ठेवला.

"चाचपतंय की रं," सिद्धम्मा हळूच म्हणाली.

"व्हय."

"तूच शिकीवलंस?"

"व्हय, अव्वा."

पण त्याच्या मुठी आवळत चालल्या होत्या. दोरीतली ढील संपत आली होती. 'कुणी वर चढू नका' हे शब्द त्याच्या घशाशी येऊन बसले होते, आणि त्याला वाटलं, आता पुन्हा खेचणार आपण. सिद्धम्मानं ते ओळखलं. तिनं आपला खरखरीत हात त्याच्या मुठीवर ठेवला.

"सोड."

ढील द्यायची असते, सोडायची नसते. हे त्यानंच सगळ्या पोरांना शंभरदा बजावलं होतं. पण आईनं सोड म्हटलं आणि त्यानं सोडली. दोरी गड्यामागं दगडांवरून घसपटत वर गेली. करिश्मा "अहो!" म्हणून ओरडली, पण तोवर गडी अर्ध्यावर पोचला होता. एकेक पाऊल, दाबून, थांबून, परत. साहेबांतला एकजण पुढं सरकून मोबाइलवर चित्रण करू लागला. कुणीतरी टाळी वाजवली. माथा आता अगदी जवळ होता. बघता बघता जमतंय की, महांतेशला वाटलं, आप्पा, जमतंय!

आणि सुर्र आवाज आला.

तो आवाज त्यानं लहानपणी एकदाच ऐकला होता, तरी दुसऱ्या कशाचा असेल असं क्षणभरही वाटलं नाही. आतलं कुजलेलं लाकूड बसलं, वरची माती आत ओढली गेली आणि गडी कंबरेपर्यंत खाली गेला. वरचे दगड गडगडत त्याच्या अंगावर आले. एक हात बाहेर राहिला, तो दोनदा हलला आणि थांबला. दोरी धरलेली असती तर कदाचित तो वाचला असता.

"गडी गेला!" म्हणून टीममधली दोन पोरं धावली. बिचारी त्यांची तरी काय चूक. जिवापाड जपलेली वस्तू ती. एकाचा पाय ढिगावर पडला, माती पुन्हा सरकली, आणि तेवढ्यात महांतेशच्या शेजारून वारा गेल्यासारखं कुणीतरी पुढं झालं.

सिद्धम्मा होती. ती ढिगासमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली होती. पदर खांद्यावरून खाली आलेला, आवाज सगळ्या माळावर ऐकू जाईल असा.

"कुणी वर चढू नका! माती आत जातीया!"

पोरं जागच्या जागी थबकली. सगळीच थबकली. गावातली म्हातारी माणसं तिच्याकडं बघत राहिली, आणि मग तिलाही कळलं आपण काय बोललो ते. तिचे हात हळूहळू खाली आले. ती मागं वळली, ढिगाकडं बघत राहिली आणि विभूतीच्या दगडाशेजारी मटकन बसली.

महांतेश तिच्यापाशी जाऊन उकिडवा बसला.

"एवढ्या वर्साची बसलेली माती," सिद्धम्मा म्हणाली. "तवा तर ताजीच व्हती."

"व्हय, अव्वा."

"अजूनपतुर कुणालाच चढाया येत न्हाय व्हय रं?"

"न्हाय. अजून न्हाय."

साहेबांनी करिश्माला बाजूला घेऊन सभ्यपणे सांगितलं, प्रयत्न चांगला आहे, पण आताच्या घडीला पथकाबरोबर पाठवता येणार नाही. पुढं कंपनीनं काय ते ठरवावं. ते बूट चढवून गेले. करिश्मानं महांतेशला एक शब्द ऐकवला नाही. त्याचा त्याला जास्त त्रास झाला. मग दुपारभर गावकऱ्यांनी आणि टीमच्या पोरांनी मिळून बाजूनं, हातानं उकरलं. कुणीही वर चढलं नाही. कुठून उकरायचं ते सिद्धम्मा बसल्या जागेवरून सांगत होती. ऊन उतरल्यावर गडी निघाला, एक पाय गुडघ्यातून मोडलेला, डोळ्यांच्या काचांत माती. त्याला गाडीत आडवा घातला, तेव्हा ती म्हातारी उठली आणि आपल्या पदरानं तिनं त्या काचा पुसल्या.

घरी आल्यावर तिनं पेटी उघडली. बंडप्पाचा फोटो काढून ती चुलीजवळच्या उजेडात धरून बसली. महांतेश दारातच उभा राहिला, आत जावं की नाही त्याला कळेना.

"महांता," तिनं सवयीनं हाक मारली, "त्येंना सांग..."

आणि ती थांबली. सांगायला आता समोर कुणी बसलेलं नव्हतं.

"काय सांगू, अव्वा?"

सिद्धम्मानं फोटोवरची धूळ पुसली. "सांग," ती म्हणाली, "सिद्धम्मा बी तसंच वरडली म्हनावं."